आतली कडी

एका बुधवारी सकाळी माझा भाऊ आमच्या घरातल्या बाथरूममध्ये मरण पावला. दाराला आतून कडी होती. वरच्या मजल्यावरच्या काकांनी आणि वॉचमनने दार तोडलं. नळ चालू होता. आईने तो बंद केला. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि मान हलवली. मग मी कॉलेजात फोन करून सांगितलं, की आज ग्रंथालय उघडायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

याच्या पुढे मला बरेच दिवस लिहिता आलं नाही. मी ग्रंथपाल आहे. लोकांची वाक्यं मी जागच्या जागी ठेवते, माझी स्वतःची फारशी कधी लागली नाहीत. पण त्या दाराबद्दल घरी आलेल्या प्रत्येकाने विचारलं, की एवढा मोठा माणूस, घरात दोघी बायका, कडी कशाला लावायची? त्याचं उत्तर देण्यासाठी मला खडकीपासून सुरुवात करावी लागते. तेवढा वेळ सांत्वनाला आलेल्या माणसांजवळ नसतो.

आम्ही खडकीच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. कारखान्याच्या दाराशी रोज आत जाताना झडती व्हायची. काडेपेटी, विडी, लायटर, जे काही पेट घेईल ते बाहेर ठेवायचं. वडील विडी ओढत नसत, तरी खिसे उलटे करून दाखवायचे. याबद्दल त्यांची कधीच तक्रार नव्हती. "आत दारू आहे. एकाच्या खिशातली काडी शंभरांना उडवेल. बघायलाच पाहिजे," असं ते म्हणायचे. घरी आल्यावर मात्र त्यांच्या शर्टाच्या खिशात आईसुद्धा न विचारता हात घालत नसे. धुवायला टाकताना ते स्वतः खिसे रिकामे करून शर्ट तिच्या हातात देत. हा आमच्या घरचा नियम होता, आणि तो कुणी कधी बोलून दाखवलेला नव्हता.

माझ्या भावाला लहानपणी फिट यायच्या. हेही आमच्या घरात कुणी असं बोलून दाखवत नसे.

पहिली आली तेव्हा तो दुसरीत होता. सकाळी उठला, अंथरुणावर बसला आणि एका बाजूला वाकला. मला त्याचे डोळे आठवतात. ते माझ्याकडे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. वडिलांनी त्याला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं नाही. तिथल्या बाकावर सगळ्या क्वार्टर्स बसलेल्या असायच्या. बसने त्याला पेठेतल्या एका डॉक्टरांकडे नेलं, आणि तिथून एक बारीक पांढरी गोळी घरी आली. रोज रात्रीच्या जेवणानंतर एक. आई ती वाटीत काढून पाण्याच्या भांड्याशेजारी ठेवायची. शेजारची बाई कधी जेवणाच्या वेळी आलीच, तर आई म्हणायची, "कॅल्शियम आहे. हाडं नाजूक आहेत त्याची." पुढे आम्हीही तिला कॅल्शियमच म्हणू लागलो, घरात कुणी नसतानाही.

त्याच आठवड्यात वडिलांनी पेचकस आणून न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. पाहुणे आले की गोंधळून बाहेर येत आणि विचारत, "अहो, कडी कुठंय?" वडील सांगत, "मोडलीय, आणायची आहे." ती वर्षानुवर्षं आणायची राहिली. भावासाठी आणखी एक गोष्ट ठरली होती. आंघोळ करताना त्याने मधूनमधून तांब्या बादलीवर आपटायचा. टण्. म्हणजे मी ठीक आहे. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटायची आणि तो आवाज यायला जरा उशीर झाला की तिचं लाटणं थांबायचं. टण् आला की पुन्हा सुरू. माझ्या लहानपणीच्या सकाळी मला अशाच ऐकू येतात. लाटणं, शांतता, टण्, लाटणं.

शाळेत एकदा झालंच. प्रार्थनेच्या वेळी तो रांगेतून खाली कोसळला. कवायतीच्या सरांनी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या नाकाला लावली. त्यांना वाटलं ते मदत करताहेत. सगळ्यांना तसंच वाटायचं, अजूनही वाटतं. त्या दिवसापासून मुलं त्याला काय हाक मारत हे मी इथे लिहिणार नाही. तो घरी येऊन रडला नाही. फक्त त्यानंतर त्याने आपल्या चपला दाराबाहेर ठेवणं सोडलं. शेवटपर्यंत तो बूट कपाटात ठेवायचा, दार लावून.

कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर त्याला एकही फिट आली नाही. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवा, बाकी विसरून जा. तो इंजिनिअर झाला, खराडीकडच्या एका आयटी कंपनीत लागला, कंपनीच्या बसने जायचा-यायचा. गाडी चालवायला शिकला नाही. सहकारी चिडवत, की एवढा पगार आणि साधी स्कूटी नाही? तो म्हणायचा, "पुण्यात गाडी चालवायला लायसन्स नाही, वैराग्य लागतं. माझ्याकडे अजून नाही आलेलं." लोक हसायचे आणि विषय संपायचा. विषय संपवण्यात तो फार तरबेज होता.

विश्रांतवाडीतला हा फ्लॅट त्याने घेतला तेव्हा वडील जाऊन बरेच दिवस झाले होते. सामान अजून खोक्यांत होतं. तो बाजारात गेला, स्टीलची एक कडी घेऊन आला आणि बाथरूमच्या दाराला आतून स्वतः बसवली. आई दारात उभी होती.

"कशाला रे?"

"आई, मी पस्तीस वर्षांचा आहे."

"मी कुठं नाही म्हणतेय?"

तो आत गेला. कडी सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसतं पाणी. आईचे हात पिठात होते आणि ते हलत नव्हते. तो बाहेर आला, केस पुसत आमच्या दोघींकडे पाहिलं आणि म्हणाला, "वाजवलं नाही म्हणून मेलो नाही ना?"

आई हसली. मीही हसले. हे वाक्य मला दिवसातून केव्हाही ऐकू येतं. पुस्तकं रॅकवर लावताना, रिक्षात, नुसतं बसलेली असताना. त्यात टोमणा नव्हता. त्याचा आवाज खूश होता.

त्याच्या लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलगी त्याला आवडली होती. आईने आणि मी सांगितलं, की आधी डॉक्टरांना भेटू, मग कसं सांगायचं ते ठरवू. तो म्हणाला, ठरवायचं काय त्यात? डेक्कनवरच्या एका हॉटेलात त्याने तिला स्वतःच सांगितलं, कॉफी येण्याच्या आधी. तिने नीट ऐकून घेतलं आणि थँक्यू म्हणाली. संध्याकाळी मध्यस्थ बाईंचा फोन आला. "मुलाला फेफरं आहे, हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं तुम्ही. आमचंही नाव असतं." याच बाईंनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं, की आमच्याकडे सगळं गोपनीय असतं. महिनाभरात ते सगळ्या नात्यात पसरलं. एका मावसबहिणीच्या लग्नात कुणीतरी काकू हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल इतपत म्हणाल्या, "त्याला होमाजवळ बसवू नका हं, धुराने काही व्हायचं." भाऊ शेवटच्या रांगेत जाऊन बसला आणि जेवताना जिलबी दोनदा मागून घेतली. घरी येताना रिक्षात म्हणाला, "ताई, आता बास. आता हे माझं. कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, ते मी बघीन."

मी बरं म्हटलं.

मग तो प्रोजेक्ट आला. परदेशातल्या कुठल्याशा बँकेचं काम होतं, आणि पहिल्यांदाच त्याच्या हाताखाली टीम असणार होती. बँकेची अट अशी, की तिच्या कामावर येणाऱ्या प्रत्येकाची लघवी तपासायची. गांजा, अफू, झोपेची औषधं, अशी एक यादी. त्याची गोळी त्या यादीतल्या एका गटात बसत होती. नशा करणारे लोकही ती घेतात म्हणे. हे त्याने मला रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं. आई खाली होती.

"मग सांगून टाक ना," मी म्हटलं. "औषध आहे. डॉक्टरांची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठीवर कशाचे डॉक्टर ते छापलेलं असतं, ताई."

"असू दे ना. त्यांनाही माणसं माहीत असतील गोळ्या घेणारी."

"कुणाला? एचआरमधल्या मुलीला? चोवीस वर्षांची आहे. चांगली आहे. मुद्दाम नाही सांगणार कुणाला. जेवताना सहज म्हणेल, अगं, सरांना बघून वाटत नाही ना?"

"गोपनीय असतं ते सगळं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मध्यस्थ बाईंचं नाव घ्यायची गरज नव्हती. एक उशीचा अभ्रा झटकत तो म्हणाला, "बाबांचे नुसते खिसे बघायचे. आमची लघवी बघणार. पिढीगणिक प्रगती आहे."

"थट्टा करू नको."

"थट्टा नाही. बाबांच्या कारखान्यात दारू होती, म्हणून बघायचे. माझ्याकडे काय आहे? एक्सेल शीट. मी ती उडवली तर कोण मरणार आहे?"

मग त्याने ठरवलेलं सांगितलं. तो गोळी बंद करणार होता. आधी अर्धी करायची, मग पूर्ण बंद. शरीरातून ती जायला काही आठवडे लागतात, असं त्याने वाचलं होतं. चाचणी झाली की त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू. इतकी वर्षं काही झालं नाही, थोड्या आठवड्यांत काय होणार?

मी खूप बोलले. डॉक्टरांना विचार म्हटलं. तो म्हणाला, ते काय म्हणणार हे मला माहीत आहे, आणि ते बरोबरच म्हणतील. प्रोजेक्ट सोड म्हटलं. तो म्हणाला, चाळिशीच्या पुढे प्रोजेक्टविना बेंचवर बसलेल्या माणसाचं काय करतात ते तुमच्या ग्रंथालयातल्या जुन्या आवृत्त्यांना विचार. शेवटी मी आईला सांगते म्हटलं. तेव्हा तो थट्टा करायचं थांबला. "ताई, हे शरीर माझं आहे एवढं तरी माझ्याकडे राहू दे," असं म्हणाला. दोरीवर त्याचे शर्ट होते, ओळीने, डोकं खाली, हात खाली असे लटकलेले. मी आईला सांगितलं नाही. पण मीही एक अट घातली. तेवढे आठवडे बाथरूमची कडी लावायची नाही.

त्याने शेवटचा चिमटा लावला. "ठीक आहे. तेवढं तुझं."

ते आठवडे मी कानांनी जगले. त्याला पूर्वी जे काही व्हायचं ते सकाळीच व्हायचं, उठल्यावर, पहिल्या तासाभरात. म्हणून मी त्याच्याआधी उठायची. चहा ठेवायची आणि ऐकत राहायची. पलंगाची करकर. पावलं. दार. नळ. आणि एका सकाळी मला आतून आवाज आला, थप. मला कळेना, काय पडलं. पुन्हा थप. तो प्लास्टिकचा मग बादलीवर आपटत होता. आमच्याकडे आता सगळं प्लास्टिकचं आहे, त्यातून टण् निघत नाही. बाहेर आल्यावर मला डोळा मारून म्हणाला, "तुझ्यासाठी. मोफत सेवा."

आई देवासमोर फुलं वाहत होती. तिनेही तो आवाज ऐकला. ती वळली नाही. फक्त तिच्या हातातलं फूल थोडा वेळ हातातच राहिलं.

चाचणी महिन्या-दीड महिन्यात होईल असं त्याला सांगितलं होतं. ती पुढे गेली. बँकेकडून यादी आली नव्हती. मग पुन्हा पुढे गेली. मग कळलं, की अशा चाचण्यांची नेमकी तारीख आधी सांगतच नाहीत, नाहीतर माणसं तयारी करून येतील. कधीही फोन येईल आणि लगेच जायचं. गोळी पुन्हा सुरू करावी तर उद्याच फोन येईल. न करावी तर किती दिवस? तो रोज सकाळी फोनकडे बघायचा आणि रोज संध्याकाळी म्हणायचा, "आज नाही." एकदा चहाचा कप त्याच्या हातून उडाला. पडला नाही, उडाला, जणू कुणी खालून कोपराला धक्का दिला. आईने फडकं आणलं. तो म्हणाला, "झोप नाही झाली." मला ते हात लहानपणापासून माहीत होते. आईला माझ्याही आधीपासून माहीत होते.

"पुरे झालं," मी त्याला जिन्यात गाठून म्हटलं. "आज सांगून टाक."

"आता? इतके दिवस काढल्यावर?" तो म्हणाला. "आता तर फक्त फोन यायचा राहिलाय."

तो फोन एका शुक्रवारी आला. संध्याकाळी भाऊ घरी आला तो शीळ घालत. मला बाल्कनीत नेऊन सगळं सांगितलं. एका लॅबमध्ये पाठवलं होतं. खिसे रिकामे करायला लावले. पाकीट, रुमाल, किल्ल्या, सगळं एका ट्रेमध्ये. हात धुवायला लावले, पण आत साबण ठेवलेला नव्हता. कमोडमधल्या पाण्यात निळा रंग टाकलेला, म्हणजे कुणी तेच पाणी बाटलीत भरू नये. नळ बंद केलेला. आणि बाहेर एक माणूस उभा.

"आणि कडी लावू देत नाहीत गं तिथेही," तो म्हणाला. "दार नुसतं लोटायचं. तो माणूस म्हणाला, सर, आपल्याच सोयीसाठी. मला एकदम बाबा आठवले. मी बादली आणि मग शोधत होतो. वाजवायला."

तो हसत होता. मी हसले की नाही ते आठवत नाही.

त्या रात्री जेवणानंतर आईने वाटी ठेवली. त्याने गोळी उचलली, माझ्याकडे बघून जिभेवर ठेवली आणि वर भांडंभर पाणी प्यायला. "संपलं," असं त्याने नुसत्या ओठांनी म्हटलं. शनिवारी तो केस कापून आला. रविवारी आईला मंडईत घेऊन गेला. सोमवार, मंगळवार तो ऑफिसला गेला. बुधवारी सकाळी मी अंथरुणातच होते. बऱ्याच दिवसांनी मी त्याच्याआधी उठले नव्हते. मला अर्धवट झोपेत पावलं ऐकू आली, दार, आणि मग कडी सरकल्याचा आवाज.

तो आवाज ऐकून मला बरं वाटलं होतं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला वाटलं, चला, सगळं पूर्वीसारखं झालं.

गोळी सुरू केली तरी ती अंगात पुन्हा भरायला आठवडे जातात, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. जायला जितके लागतात तितकेच यायला. त्याने फक्त जाण्याचं वाचलं होतं.

दार तुटलं तेव्हा वरच्या काकांच्या हातात कांदा होता. त्यांच्या बायकोने वरूनच ओरडून सांगितलं होतं, कांदा घेऊन जा. त्यांनी तो माझ्या भावाच्या नाकाशी धरला. मी त्यांचा हात बाजूला केला. ते गोंधळले आणि म्हणाले, "अगं, याने शुद्ध येते." फार चांगला माणूस आहे तो. पुढे सगळी धावपळ त्यांनीच केली. तो कांदा दुसऱ्या दिवशी मला वॉशबेसिनवर सापडला. मी तो टाकून दिला आणि मग किती तरी दिवस आमच्याकडे कांदा चिरला गेला नाही.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन वाजला. तो मी चार्ज करून ठेवत होते. का ते सांगता येणार नाही. एका मुलीचा आवाज होता, उत्साही आणि जरा घाईतला.

"सर आहेत का? एचआरमधून बोलतेय. दोनदा मेलही केला त्यांना. त्यांचा रिपोर्ट क्लिअर आला आहे, अभिनंदन सांगायचं होतं. सोमवारपासून जॉईन होऊ शकतात."

"ते नाहीत," मी म्हटलं.

"ओके. मग नंतर करू का?"

"नंतरही नसतील."

तिला कळायला थोडा वेळ लागला. ऑफिसात कुणीतरी तिला सांगायचं राहून गेलं असावं. मग ती रडायला लागली. मी तिला, अगं, रडू नको, तुझी काय चूक, असं काहीतरी म्हणत राहिले. मला एखादा शत्रू हवा होता. फोनवर एक रडणारी मुलगी मिळाली.

काही दिवसांनी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी भेटायला आला. चहा घेतला, फोटोकडे बघितलं, बूट कुठे काढू असं दोनदा विचारलं. आई आत गेल्यावर मी त्याला खरं सांगितलं. भावाला ते आवडलं नसतं. पण आता हे कुणाचं आहे, त्याचं की माझं, ते मला ठरवता येत नव्हतं. तो माणूस ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला.

"ताई," तो म्हणाला, "मी तर लिहिलं होतं की, त्या चाचणीच्या फॉर्मवर. गोळी घेतो मी. डोक्यासाठी. डिप्रेशनची, झोपेची. बायको सोडून कुणाला माहीत नाही. लॅबकडून कुठल्याशा डॉक्टरचा एक फोन आला, त्यांना चिठ्ठी पाठवली, झालं. कंपनीत कुणी शब्द काढला नाही."

"तुम्ही त्याला कधी म्हणाला नाहीत?"

"कसं म्हणणार? आम्ही सात वर्षं शेजारी बसतोय. मला वाटायचं, हा माणूस किती नॉर्मल आहे. याला काय सांगायचं?"

जाताना त्याने माझ्याकडून वचन घेतलं, की हे कुणाला सांगू नका. म्हणून त्याच्याबद्दल मी याहून जास्त लिहीत नाही.

आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. ती रोज गोळी देत होती आणि मुलगा रोज घेत होता, एवढं तरी तिच्याजवळ राहावं असं मला वाटत होतं. वर्षश्राद्धाच्या थोडं आधी आम्ही दोघी त्याचं कपाट आवरत होतो. बूट काढून एका बाजूला ठेवले. शर्ट देऊन टाकायचे होते. आई एकेक शर्ट घडी करत होती आणि प्रत्येकाच्या खिशावरून हात फिरवत होती, आत न घालता.

"घेत नव्हता ना तो?" ती म्हणाली.

मी हातातला शर्ट खाली ठेवला.

"मला सापडायच्या," ती म्हणाली. "धुवायला टाकताना खिशात राहायच्या. मशीनमध्ये विरघळून पांढरा डाग पडायचा. पहिल्यांदा डाग दिसला तेव्हा कळलं नाही. मग मी चाचपून बघायला लागले. असली की काढून परत डबीत टाकायची."

"तू त्याला विचारलं का नाहीस, आई?"

"काय विचारणार? तुझ्या खिशात हात घातला म्हणून सांगू?" तिने घडी मोडली आणि पुन्हा घातली. "तुझ्या बाबांचे खिसे त्या गेटवर उलटे व्हायचे रोज. घरी तरी नको, म्हणायचे. मोठा झालेला मुलगा. त्याचं काही कारण असेल, असं वाटलं. आणि तो मग वाजवायला लागला होता, मी ऐकायची. म्हटलं, वाजवतोय तोवर आहे."

आम्ही उरलेले शर्ट घडी केले.

मी यावर खूप विचार केला आहे. त्या कंपनीने त्याच्या शरीरात डोकावून पाहिलं आणि जे पाहिलं त्याची तिला काही पर्वा नव्हती. सांगितलं असतं तरी चाललं असतं. आम्ही दोघी त्याच्यासाठी जीव देणाऱ्या, आणि आम्ही पाहायचं नाही असं ठरवलं, कारण त्याला तेच हवं होतं. लोक म्हणतात, तुम्ही दार तोडायला उशीर केलात. दार आम्ही त्याच्या जन्मभर तोडलं नव्हतं. त्याचं चुकलं, असं मला अजून म्हणता येत नाही. चाळीस वर्षांच्या माणसाने आंघोळीला जाताना कडी लावली. एवढंच त्याने केलं. त्या वाक्यात मी चूक शोधते आणि मला सापडत नाही, आणि तरी तो नाही.

घरात कधीकधी तो असल्यासारखं वाटतं. भुतासारखं नाही. आवाज यायचा राहिला आहे, अशी ती शांतता असते. चहा उकळतो, नळ वाजतो, आणि माझे कान पुढच्या आवाजासाठी उभे राहतात. ग्रंथालयातसुद्धा, वाचनकक्षात कुणी हललं नाही की मी मान वर करून बघते. विद्यार्थ्यांना वाटतं, बाई शांतता ठेवा म्हणून बघताहेत.

सुताराने बाथरूमचं दार दुरुस्त करून दिलं. कडी बसवू का, असं त्याने विचारलं, आई नको म्हणाली. जिथे ती होती तिथे स्क्रूची भोकं आहेत. दार नुसतं लोटलेलं असतं. आई आत गेली की बादलीवर मगाचा थप असा आवाज येतो. मी आत गेले की मीही वाजवते.

आता घरात आम्ही दोघी आहोत.